रोजच्या आणि ट्रॅकच्या गाडीसाठी क्लच आणि फ्लायव्हील: आधी चढ, मग लॅप

पुण्याच्या गाडीचा क्लच ट्रॅकवर तापत नाही तेवढा चांदणी चौकाच्या चढावर तापतो. ऐकायला विचित्र वाटते, पण क्लच घ्यायच्या आधी एवढे पटले तर निम्मा खर्च वाचतो. सर्किटवर गाडी पिटमधून एकदा सुटली की पुढची वीस मिनिटे क्लचला काम असते ते फक्त गिअर बदलताना, तेही अर्धा-पाऊण सेकंद. उलट रविवारी सकाळी सिंहगडाच्या घाटात लागलेल्या रांगेत तोच क्लच दर दहा मीटरला अर्धा घासत असतो.

क्लच म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, प्रेशर प्लेटने दाबून धरलेली घर्षणाची प्लेट; ती दाबलेली असली की इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला जातो. आकड्यांत बघू. १२५० किलोची गाडी पहिल्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर क्लच सोडून सुटली, तर क्लच पूर्ण पकडेपर्यंत सपाट रस्त्यावर साधारण ७ किलोज्यूल उष्णता तयार होते. तीच गाडी ४००० आरपीएमवर क्लच सोडून उडवली तर सुमारे ५० किलोज्यूल. आरपीएम २.७ पट, उष्णता सात पट, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. आता चालत्या गाडीत गिअर बदलताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात १५०० आरपीएमचा फरक राहिला असे धरा. तो फरक मिटवताना २ किलोज्यूलच्या आसपास उष्णता होते. म्हणजे क्लचचा खरा शत्रू आहे उभ्या गाडीला हलवणे. ड्रॅग शर्यतीत हे सगळ्यात क्रूरपणे होते, चढावरच्या ट्रॅफिकमध्ये सगळ्यात जास्त वेळा होते, आणि सर्किटवर जवळपास होतच नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. पुण्याहून कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट, दोन्ही एका बाजूने हजार किलोमीटरच्या वर. ट्रेलर नसेल तर गाडीला स्वतःच्या चाकांवर जाऊन स्वतःच्या चाकांवर परत यायचे आहे, आणि सोमवारी हिंजवडीला ऑफिसला न्यायचे आहे. म्हणून 'ट्रॅकसाठी' म्हणून चार बटणांची, म्हणजे घर्षणाच्या चार सुट्या तुकड्यांची, कडक प्लेट टाकणे बहुतेकांसाठी चुकीचेच ठरते. तिचा खरा उपयोग लॅपमध्ये फारसा नाही आणि त्रास मात्र सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर रोज.

किती टॉर्क झेपेल, हे वहीवर काढता येते

क्लच किती टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, पेलतो हे चार गोष्टींवर ठरते: घासणारे पृष्ठभाग किती, घर्षणाचा गुणांक किती, प्रेशर प्लेट किती जोराने दाबते आणि प्लेटची सरासरी त्रिज्या किती. चौघांचा गुणाकार केला की झाले.

एक नमुना घेऊ. लहान टर्बो पेट्रोल गाडीची प्लेट, बाहेरचा व्यास २०० मिलिमीटर, आतला १३४. सरासरी त्रिज्या ०.०८३५ मीटर. एका प्लेटला दोन बाजू, म्हणून पृष्ठभाग २. साध्या ऑरगॅनिक लायनिंगचा (प्लेटवरच्या घर्षणाच्या अस्तराचा) गुणांक ०.२८ धरू, दाब ४२०० न्यूटन. गुणाकार येतो १९६ न्यूटन-मीटर. चाकणला २०२२ पर्यंत बनलेल्या पोलोच्या १.० टीएसआय इंजिनाचा टॉर्क १७५ न्यूटन-मीटर होता. तेवढ्याला हा नमुना पुरतो, पण फार शिल्लक राहत नाही.

आता तापलेली अवस्था. लायनिंग खूप तापले की गुणांक घसरतो. तो ०.२२ वर आला तर हाच क्लच १५४ न्यूटन-मीटरच पेलतो. कंपनीच्या इंजिनालाही कमी. शहरात दिवसभर ठीक वाटणारी गाडी घाट चढून वर आल्यावर अचानक का घसरते, त्याचे हे कारण. थंड झाल्यावर ती पुन्हा पकडते आणि मालक म्हणतो, 'आता नाही होत.' होते, पुढच्या वेळी लवकर होते.

रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली आकडेवारी बदलून, टॉर्क २३० झाला असेल तर क्लच साधारण १.३ पट, म्हणजे ३०० न्यूटन-मीटरचा हवा. इथे इंजिनचा कंपनीने छापलेला आकडा नाही, ट्यून केल्यानंतरचा शिखर टॉर्क धरायचा. हॉर्सपॉवर तर बघायचीच नाही. क्लच टॉर्कने घसरतो, पॉवरने नाही. टर्बो गाड्यांचे क्लच म्हणून २०००-२५०० आरपीएमवरच, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पाय खाली दाबल्यावर घसरतात. रेडलाइनजवळ कदाचित काहीच जाणवणार नाही.

३०० पर्यंत पोचायचे तीन रस्ते आहेत. लायनिंग तेच ठेवून दाब वाढवला तर ६४०० न्यूटन लागतात, म्हणजे मूळपेक्षा दीडपट. पेडल त्याच प्रमाणात जड होते, आणि क्लच दाबताना क्रँकशाफ्टला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवरचा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. कर्वे रस्त्यावर सिग्नलला क्लच दाबून उभे राहायची सवय असेल तर तो वॉशर आधी मरतो. दुसरा रस्ता मधला: गुणांक ०.३६ चे लायनिंग आणि दाब ५००० न्यूटन. पेडल थोडेच जड, पकड बऱ्यापैकी मऊ. तिसरा म्हणजे दोन प्लेटचा क्लच. पृष्ठभाग चार झाले, की साध्या लायनिंगवरही ३२०० न्यूटन दाब पुरतो, मूळपेक्षा हलके पेडल. किंमत मात्र कित्येक पट, दोन प्लेट सारख्या सुटल्या नाहीत तर गिअर अडतो, आणि स्वस्तातले संच न्यूट्रलमध्ये क्लच दाबला की खडखडतात. ३५०-४०० न्यूटन-मीटरच्या खाली दोन प्लेटकडे वळायची गरज नाही, असे आमचे मत.

जाहिरातीतल्या 'स्टेज १', 'स्टेज २', 'स्टेज ३' या पाट्यांना कुठलेही सर्वमान्य माप नाही. एका कंपनीची स्टेज २ दुसरीच्या स्टेज १ पेक्षा कमजोर असू शकते. विक्रेत्याला न्यूटन-मीटरमध्ये क्षमता, दाब आणि लायनिंगचा प्रकार विचारा. तो सांगू शकत नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

लायनिंग

ऑरगॅनिक म्हणजे रोजच्या गाडीत असते ते. मऊ पकडते, फ्लायव्हीलला खात नाही, फार तापले की चकाकी धरते आणि गुळगुळीत होते. चांगल्या प्रतीचे ऑरगॅनिक आणि थोडी वाढीव दाबाची प्रेशर प्लेट, ही जोडी पुण्यात राहून वर्षाला दोनतीनदा ट्रॅकवर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना पुरते. केवलार टिकाऊ खरे, पण एकदा जळले की परत सावरत नाही, आणि बसायला वेळ घेते. रोज ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर सरकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

सिरॅमिक किंवा सिंटर्ड बटणे, म्हणजे लोक ज्याला 'पक' म्हणतात, ती उष्णता खूप सोसतात. पण त्या प्लेटमध्ये दोन लायनिंगच्या मधली लाटेसारखी वाकवलेली पातळ पत्री बहुधा नसते. साध्या प्लेटमध्ये क्लच सोडताना हीच पत्री हळूहळू चपटी होते आणि त्यामुळे पकड टप्प्याटप्प्याने येते. ती नसली की क्लच एकतर सुटलेला, नाहीतर पकडलेला. मध्ये काही नाही. लाल दिव्यावरून गाडी उडी मारून सुटते, रिव्हर्स घेताना थरथरते. ते टाळायला माणूस जास्त आरपीएम देऊन हाफ क्लच धरतो, आणि वर काढलेल्या हिशोबाप्रमाणे उष्णता वाढवून बसतो. सहा बटणांची आणि मध्ये स्प्रिंग असलेली प्लेट त्यातल्या त्यात रस्त्यावर चालवता येते. मध्यभागी स्प्रिंग नसलेली कडक प्लेट रोजच्या गाडीत घालूच नका: इंजिनाचे सगळे हिसके थेट गिअरच्या दात्यांवर जातात.

प्लेटचे वजनही बघा. गिअर बदलताना गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझरला प्लेट आणि इनपुट शाफ्ट यांचा वेग जुळवावा लागतो, कारण त्या वेळी क्लच दाबलेला असतो आणि फ्लायव्हील वेगळे झालेले असते. म्हणून 'हलके फ्लायव्हील टाकले की सिंक्रो वाचतात' हे खरे नाही. सिंक्रो वाचवते ती हलकी प्लेट. रेसिंगमध्ये १८४ आणि १४० मिलिमीटरच्या छोट्या प्लेट वापरतात त्याचे एक मोठे कारण हेच.

फ्लायव्हील: किलो किती, यापेक्षा किलो कुठे

फिरत्या वस्तूत केंद्रापासून लांबचा किलो जवळच्या किलोपेक्षा कितीतरी भारी. १३० मिलिमीटरवरचे एक किलो हे ६० मिलिमीटरवरच्या एका किलोच्या ४.७ पट जडत्व देते. म्हणून 'आमचे फ्लायव्हील ४ किलोचेच' या वाक्याला एकट्याने अर्थ नाही. वजन कडेचे काढले की मधले, ते विचारायचे.

हलक्या फ्लायव्हीलचा फायदा खरा आहे, पण तो गिअरप्रमाणे झपाट्याने आटतो. १२० मिलिमीटर त्रिज्येवरून ३ किलो काढले असे धरू. पहिला गिअर ३.६, दुसरा १.९५, तिसरा १.३, पाचवा ०.८, फायनल ड्राइव्ह ३.९, टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर. वेग घेताना गाडीला हा फरक पहिल्या गिअरमध्ये ९० किलोपेक्षा जास्त वजन उतरल्यासारखा वाटतो. दुसऱ्यात २८ किलो, तिसऱ्यात १२, पाचव्यात जेमतेम ५. सर्किटवर तुम्ही दुसरा, तिसरा, चौथा वापरता. म्हणजे स्टेपनी, जॅक आणि टूलकिट घरी ठेवले तर जवळपास तेवढेच मिळते, फुकट.

मग लोक हलके फ्लायव्हील का लावतात? वळणापूर्वी ब्रेक लावत खालचा गिअर घेताना अॅक्सिलरेटरला टिचकी दिली की आरपीएम पटकन चढतात, जुळवणे सोपे होते. तेवढ्यासाठी ते ट्रॅकवर आवडते. त्याची दुसरी बाजू: आरपीएम पडतातही पटकन. वरचा गिअर सावकाश घेणाऱ्याला प्रत्येक वेळी धक्का बसतो.

आणि पुण्याच्या उन्हाळ्यात एसीचा कंप्रेसर लागला की आयडल गचकन खाली जातो, कारण तो हिसका पचवायला फिरते वजनच उरलेले नसते. गाडी चढावर सुटताना बंद पडते. बंद पडू नये म्हणून जास्त आरपीएम देता. क्लच जास्त तापतो. शिवाय क्रँकचा वेग दर ठिणगीला जास्त वरखाली होतो आणि काही गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याला मिसफायर (ठिणगी चुकली असे) समजून पी०३०० या बिघाड-कोडचा दिवा लावतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन ठिणग्यांमध्ये २४० अंशांचे अंतर, चारमध्ये १८०. म्हणून तीन सिलिंडरवाल्यांनी जास्तच जपून. रोजच्या गाडीत मूळ जडत्वाच्या पाव हिस्सा, फार तर एक तृतीयांश कमी करावे. त्याहून जास्त काढलेत की ती ट्रॅकची गाडी झाली, ऑफिसची नाही.

वजन कमी झाले म्हणजे उष्णता साठवायला धातूही कमी झाला, हे विसरले जाते. ५० किलोज्यूलच्या एका उड्डाणात निम्मी उष्णता ५ किलोच्या पोलादी फ्लायव्हीलमध्ये गेली तर ते सरासरी १० अंशांनी तापते. पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त. अडीच किलोचे असेल तर २० अंश. अशी पाच उड्डाणे लागोपाठ करून बघा.

धातूबाबत तडजोड नको. कास्ट आयर्नचे मूळ फ्लायव्हील लेथवर लावून 'हलके करून देतो' म्हणणारे भेटतील. देऊ नका. ७००० आरपीएमला फ्लायव्हीलची कड ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगाने फिरत असते, कास्ट आयर्न ताण सहन करण्यात कच्चे, आणि लेथच्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो. फुटलेले फ्लायव्हील बेलहाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचे कवच, फोडते, आणि ड्रायव्हरचे पाय तिथून फार लांब नसतात. घडीव पोलादाचे, एसएफआय १.१ (शर्यतीच्या भागांचे सुरक्षा मानक) प्रमाणित घ्या. अॅल्युमिनियमच्या फ्लायव्हीलला घर्षणासाठी पोलादी चकती स्क्रूने जोडलेली असते. तापून दोन धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, म्हणून दर वेळी गिअरबॉक्स उतरला की ते स्क्रू तपासावे लागतात. दोन्ही कामांसाठी एकच गाडी असेल तर पोलाद बरे.

ड्युअल मास असेल तर

बऱ्याच डिझेल आणि काही टर्बो पेट्रोल गाड्यांत दोन भागांचे फ्लायव्हील असते, मध्ये लांब वाकड्या स्प्रिंग. इंजिनाचे हिसके त्या गिळतात. असे फ्लायव्हील काढून साधे एकसंध लावले तर गिअरबॉक्सचा खडखडाट आयडलला ऐकू येतो. तो नुसता आवाज नसतो, दाते एकमेकांवर आपटत असतात. एकसंध लावायचेच असेल तर स्प्रिंगवाली प्लेट हवीच, आणि वजन हलके नको. २५० न्यूटन-मीटरच्या डिझेलमध्ये मूळ पद्धतच ठेवावी. ड्युअल मास खराब झाल्याची खूण म्हणजे इंजिन बंद करताना होणारा खणखणाट. दोन भागांत फिरवताना किती मोकळीक आहे आणि ते किती डुलतात, हे मोजून कंपनीच्या मर्यादेशी ताडायचे. लेथवर घासून ते सुधारत नाही.

इंजिनाच्या पुढच्या बाजूच्या, क्रँकशाफ्टची थरथर शोषणाऱ्या रबरी डॅम्पर पुलीला मात्र हात लावू नका. हलक्या कडक पुलीने क्रँकशाफ्ट तुटू शकते.

बसवताना काय बिघडते

गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच द्यायची असेल तर रिलीज बेअरिंग, क्रँकचे मागचे ऑइल सील, असल्यास पायलट बेअरिंग, आणि बेलहाउसिंगच्या आत असेल तर स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच ढकलणारा), हे सगळे त्याच वेळी बदला. नाना पेठेत सील आणि बेअरिंग मिळतील. पार्ट नंबर इंजिनाच्या कोडवरून जुळवा, गाडीच्या नावावरून नाही. एकाच मॉडेलमध्ये दोन वर्षांत दोन वेगळे क्लच आलेले असतात. काही इंजिनांत क्रँक सेन्सरचे दाते फ्लायव्हीलवरच असतात; नव्यावर त्यांची संख्या आणि जागा तीच हवी, नाहीतर इंजिन सुरूच होत नाही.

मूळ फ्लायव्हील ठेवणार असाल तर पृष्ठभाग नीट बघा. बारीक केसासारख्या रेघा चालतात. केंद्रापासून कडेपर्यंत गेलेला तडा असेल तर भंगारात. निळे डाग असतील तर ग्राइंडिंग करून घ्या, लेथवर नको: डागाखालचा धातू कडक झालेला असतो, टूल तिथे उडते आणि उंचवटा तसाच राहतो. भोसरीच्या एमआयडीसीत ग्राइंडिंग आणि बॅलन्सिंग दोन्ही करून मिळते. पायरी असलेल्या फ्लायव्हीलचा घर्षणाचा भाग ०.५ मिलिमीटर काढला तर प्रेशर प्लेट बसते तो भागही ०.५ काढायला हवा. नाहीतर दाब कमी पडतो, नवी प्लेट पहिल्या आठवड्यात घसरते, आणि दोष प्लेटला जातो.

बोल्टची भोके, डॉवेल आणि क्रँकचा फ्लँज लख्ख पुसून फ्लायव्हील चढवा. एका बाजूला अडकलेला गंजाचा कण पुरेसा असतो. मग डायल गेज लावून कडेजवळचे डुलणे मोजा, क्रँक एकाच दिशेला दाबून धरत, म्हणजे एंड प्ले (क्रँकची पुढेमागे मोकळीक) मोजमापात येणार नाही. ०.१ मिलिमीटरच्या आत असावे. जास्त आले तर बोल्ट आवळून ते जात नाही. उतरवून पुन्हा साफ करा. फ्लायव्हीलचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायचे असतात. फोक्सवॅगनच्या अनेक इंजिनांत ६० न्यूटन-मीटर आणि त्यावर ९० अंश. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या.

प्लेटची बाजू उलटी लागणे ही सगळ्यात नेहमीची चूक. जर्मन प्लेटवर 'गेट्रीबेझाइटे' असे कोरलेले असते, ती बाजू गिअरबॉक्सकडे. स्प्लाइनवर, म्हणजे प्लेट बसते त्या शाफ्टच्या खाचांवर, ग्रीसचा पातळ हात, बोटाने जास्तीचे पुसून. ढीग लावला तर ते उडून लायनिंगवर जाते आणि क्लच थरथरतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे. सेल्फ अॅडजस्टिंग प्रकार असेल तर त्याचे खास टूल लागतेच. नाहीतर आतली रिंग चढावरून सरकते आणि क्लच सुरुवातीपासून चुकीचा बसतो.

ब्रेक आणि क्लचचे ऑइल बऱ्याच गाड्यांत एकाच डबीतून येते. आपल्या पावसाळ्यात ते पाणी ओढते. ट्रॅकवर स्लेव्ह सिलिंडरजवळ तापले की बुडबुडे होतात, पेडल जमिनीला लागते, गिअर निघत नाही. लोक प्लेट बदलायला धावतात. ट्रॅकच्या आदल्या आठवड्यात ताजे डॉट ४ घालून हवा काढा, आणि पेडलला स्टॉप लावा, म्हणजे प्रेशर प्लेटमधल्या डायफ्राम स्प्रिंगच्या बोटांना जास्त ढकलून ती प्लेटच्या स्प्रिंगना घासणार नाहीत.

पहिले ८०० किलोमीटर

नवे लायनिंग शहरात बसवायचे. एक्स्प्रेसवेवरून लोणावळ्याला जाऊन आलेले किलोमीटर मोजू नका, तिथे क्लच दाबलाच जात नाही. कोथरूड-हिंजवडी रोजची ये-जा महिनाभर केली की होते. तोवर पूर्ण टॉर्क नाही, चढावर हाफ क्लचवर थांबणे नाही, हँडब्रेक वापरा. वास आलाच तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करू नका. सपाट रस्त्यावर क्लच पूर्ण सोडून दोन-तीन किलोमीटर चालवा, बेलहाउसिंगमधून हवा फिरते.

८०० झाल्यावर चाचणी: मोकळ्या, सरळ रस्त्यावर कायद्याच्या वेगात, चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून पूर्ण अॅक्सिलरेटर. आरपीएम आणि वेग एकत्र चढले तर ठीक. आरपीएमचा काटा एकट्याने उडी मारत असेल तर घसरतो आहे. सुटताना थरथर येत असेल तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी इंजिन माउंटिंग बघा. फाटलेले रबर हुबेहूब खराब क्लचसारखे वागते, आणि ते बदलायला तासभर पुरतो.